साडेनऊची नोंद

हरवले-सापडले कक्ष, बसस्थानक
६ मार्च

ताई,

पाया पडलो असं समज, गुडघा अजून दुखतोय. तो स्फोटाने दुखावलेला नाही. आवाज झाल्यावर मी टेबलाखाली शिरलो आणि टेबलाला खालून एक आडवी फळी आहे हे एकोणीस वर्षांत मला माहीत नव्हतं. बाकी धडधाकट आहे, तसं आईला सांग. फोन करायला लावू नकोस. फोनवर आपण दोघं भांडतो म्हणून बाबांच्या मागे पत्रांची पद्धत पाडली, ती बरी आहे. कागदावर एक जण बोलत असताना दुसऱ्याला निदान गप्प बसावं लागतं.

काय झालं ते तू विचारलंस. सोमवारी सकाळी दहा चाळीसला दुसऱ्या फलाटावरच्या बाकाखाली ठेवलेली काळी बॅग फुटली. अकरा माणसं गेली. आकडा तुला पेपरातून कळला असेल. चौथ्या खिडकीवरची तिकीटवाली गेली हे कळलं नसेल. रोज आपल्या थर्मासमधला अर्धा कप चहा मला द्यायची आणि वर कप धुऊन दे म्हणायची, तीच. तिचं फलाटावर काही काम नव्हतं. एक म्हातारा तिकीट खिडकीवरच विसरून गेला, ते द्यायला ती मागे धावली. म्हातारा वाचला.

तिची छत्री माझ्याकडे आहे. जाताना घेऊन जाईन म्हणून तिने सकाळी माझ्या कपाटामागे ठेवली होती. माझ्या नोंदवहीत दोनच भाग आहेत, हरवलेलं आणि सापडलेलं. ही छत्री दोन्हीत बसत नाही. मला फार वाईट वाटतंय, आणि दिवसभर ते छत्रीकडे बघूनच वाटतं.

तुझा भाऊ


नियम शाखा, चौथा मजला
११ मार्च

प्रिय सावकाश,

तुझं पत्र वाचून आई रडली, मग म्हणाली की टेबलाखाली तरी वेळेत गेला. पंधरा दिवस उशिरा जन्मलास म्हणून तुला हे नाव पडलं, त्याचा तिला आज पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

मी गेला आठवडाभर घरी फक्त आंघोळीला जाते आहे. वटहुकूम काढायचा होता आणि मसुदा माझ्याकडे आला. एकूण अकरा कलमं झाली. अकरा माणसं, अकरा कलमं, हा योगायोग आहे, पण मंत्र्यांनी भाषणात तो वापरला. कलम चार तुझ्या कामाचं आहे. बेवारस सामान यापुढे सांभाळायचं नाही, बॉम्बशोधक पथकाच्या ताब्यात द्यायचं. आधीचं जे पडून आहे तेही. तुझी फडताळं रिकामी होतील, धूळ तरी कमी होईल.

कलम सातचा मला खरा अभिमान आहे. सरकारी नोंदवहीतली नोंद निर्णायक मानायची, आणि तिच्याविरुद्ध तोंडी पुरावा घ्यायचा नाही. साक्षीदार घाबरतात, विसरतात, फितूर होतात. नोंदवही यातलं काहीच करत नाही. समितीतल्या एका म्हाताऱ्या सदस्याने विचारलं, नोंदच चुकीची असली तर? मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ त्याच बसस्थानकावर नोंदी लिहितो, समोर आलेल्या माणसाची वेळ खोटी लिहून त्याला काय मिळणार आहे? सगळे हसले आणि कलम मंजूर झालं.

तू आता स्वातंत्र्याबद्दल काहीतरी लिहिशील, तुझी सवय मला माहीत आहे. त्या तिकीटवालीला विचार तिला कुठलं स्वातंत्र्य उरलं. लोकांना पुन्हा बसमध्ये बसायचं आहे. त्यांना कोणीतरी पकडलेलं हवं आहे, आणि लवकर हवं आहे. यात मला काही चूक दिसत नाही.

छत्री तिच्या घरी नेऊन दे. त्याला रकाना लागत नाही.

तुझी ताई


बसस्थानक
२९ मार्च

ताई,

छत्री देऊन आलो. तिच्या नवऱ्याने ती उघडून पाहिली, मिटली, आणि दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर टांगली. तिथे आधीचा एक डाग होता, म्हणजे ती तिची जागाच होती. तो शिवणकाम करतो. मशीन चालू ठेवूनच माझ्याशी बोलला.

फडताळं रिकामी झाली. पथकाने त्रेसष्ट नग मागच्या आवारात नेऊन उडवले. त्यात एक कवळी, दोन हार्मोनियम आणि लग्नाचा एक फेटा होता. कशाचाही स्फोट व्हायला हवा होता तसा झाला नाही असं पथकप्रमुख म्हणाले, थोडे निराश वाटले.

आता बातमी. तुला पेपरातून कळलीच असेल. माणूस पकडला. घड्याळजी आहे, टपाल कचेरीच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, पन्नाशीचा. तो माझ्याच नोंदवहीत सापडला. स्फोटाच्या दिवशी पहिली नोंद त्याची आहे. सकाळी साडेनऊ, काळी बॅग, तालुक्याच्या गाडीत विसरली, आत घड्याळांचे सुटे भाग आणि बॅटऱ्या. तपासवाल्यांनी गाडीची वेळ काढली. ती गाडी स्थानकात नऊ पंचावन्नला आली. साडेनऊला ती बारा मैल लांब होती आणि तो म्हणे तिच्यात बसलेला होता. म्हणजे जी बॅग अजून हरवलीच नव्हती, ती हरवल्याची तक्रार त्याने पंचवीस मिनिटं आधी दिली. पुढे बॅग फुटली तर माझी कधीच हरवली होती म्हणायला जागा. तपासवाले म्हणाले, इतकी स्वच्छ केस त्यांनी नोकरीत पाहिली नाही.

मला प्रशस्तिपत्र मिळालं. 'कर्तव्यदक्षता व वक्तशीरपणा' असं त्यावर छापलं आहे. आगारप्रमुखांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर ते दिलं आणि फोटो काढला. कंडक्टर लोक टाळ्या वाजवताना एकमेकांकडे बघत होते.

एक सहज विचारतो. समजा, कुठल्यातरी खात्यात कुठल्यातरी कारकुनाने एखादी वेळ थोडी मागेपुढे लिहिली, तर तुझ्या कलम सातमध्ये त्याची काय सोय आहे? उगाच, माहिती असावी म्हणून.

तुझा भाऊ


नियम शाखा
५ एप्रिल

प्रिय सावकाश,

पेपरात आलेल्या तुझ्या फोटोचं कात्रण मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. समितीच्या अध्यक्षांनी ते फायलीला लावून घेतलं. कलम सात कसं उपयोगी पडलं याचं पहिलं उदाहरण म्हणून तुझा फोटो आता कायमचा त्या फायलीत राहील. बाबा असते तर त्यांनी तुला गाढव म्हणणं थांबवलं असतं.

आई मात्र कात्रण बघून म्हणाली, हा साडेनऊला? शक्य नाही, फोटो दुसऱ्या कोणाचा असेल. तिच्या डोळ्यांतला मोतीबिंदू पिकलेला दिसतोय. पुढच्या आठवड्यात दाखवून आणते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: काही सोय नाही. मुद्दाम ठेवलेली नाही. अशी फट ठेवली तर प्रत्येक आरोपी तिच्यातून निघून जाईल. आणि कारकून वेळ मागेपुढे लिहीलच कशाला? तू फार विचार करतोस. प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून घे.

तुझी ताई


बसस्थानक
१६ एप्रिल

ताई,

आईचे डोळे ठीक आहेत. डॉक्टरांना तसदी देऊ नकोस.

माझा कक्ष साडेनऊला उघडतो, असं बाहेर पाटीवर लिहिलेलं आहे. मी दहाच्या पुढे येतो. एकोणीस वर्षं. कोणाचं अडत नाही, कारण काही हरवल्याचं माणसाच्या दुपारपर्यंत लक्षातच येत नाही. फक्त तपासणीला वरचे लोक पहिली नोंद बघतात, म्हणून पहिल्या माणसाची वेळ मी साडेनऊ लिहितो. सगळ्या कंडक्टरांना माहीत आहे. रोजची पहिली नोंद साडेनऊ. एकोणीस वर्षांत एकही दिवस नऊ एकतीस नाही. ते वरच्या कोणाच्याही नजरेत आलं नाही.

त्या दिवशी मी आलो तेव्हा घड्याळजी दाराशी उभा होता. मी कुलूप काढलं, पंखा लावला, वही उघडली आणि साडेनऊ लिहिलं. त्याने ते उलटं वाचलं. मनगटावर बघून म्हणाला, "साहेब, दहा बारा झालेत." मी म्हटलं, तुमची बॅग शोधायची की माझी वेळ? त्याने पेन घेतलं. सही करून गेला.

अजून आहे. त्याची बॅग सापडली होती. कंडक्टरने साडेदहाला माझ्याकडे आणून दिली, मी चिठ्ठी लावून तिसऱ्या फळीवर ठेवली. सापडलेल्या वस्तू मी संध्याकाळी एकदम वहीत लिहितो. त्या दिवशी संध्याकाळ झालीच नाही. नंतर फळीवरचं सगळं पथकाने नेलं, तेव्हा मला कुठे माहीत होतं की बॅगेला कोणी विचारणार आहे. तो कंडक्टर आता मला काही आठवत नाही म्हणतो. त्याला दोन मुलं आहेत. तुझ्या कलम चारने बॅग उडवली आणि कलम सातने माणूस आत ठेवला. मधलं सगळं मी केलं.

पकडला तेव्हाच का बोललो नाही, असं तू विचारशील. भीती वाटली. नोकरीची वाटली, लोकांची वाटली. तिकीटवालीचा नवरा परवा इथे आला होता. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, तुमच्यामुळे तो सापडला, आता मला झोप लागते. मी त्याला पाणी दिलं.

काय करू ते सांग. कायदा तू लिहिला आहेस.

तुझा भाऊ


२४ एप्रिल

सावकाश,

हे घरून लिहिते आहे. तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर यायला नको होतं.

तुला काहीही करता येणार नाही. खोटी नोंद म्हणून तुझ्यावर खटला होईल, आणि त्या माणसाचा उपयोग शून्य. तुझं म्हणणं हा तोंडी पुरावा आहे आणि तो नोंदीविरुद्ध घेता येत नाही. तू लिहून दिलंस तरी ते सांगितल्यासारखंच धरतात, ते वाक्य मीच घातलं आहे. कायद्याने तू त्या दिवशी साडेनऊला आलास. तो दहा बाराला आला असं तू म्हणशील, पण कायद्याने तू ते पाहिलेलंच नाहीस.

स्थानबद्धता सहा महिन्यांची असते. त्यानंतर बघतील. गप्प राहा. मी तुझं पत्र वाचलेलं नाही, आणि तूही हे फाडून टाक.

आईला डॉक्टरकडे नेलं नाही.

ताई


बसस्थानक
३० जून

ताई,

दोन महिने तू लिहिलं नाहीस आणि मीही नाही. दोघांनी एकदम गप्प बसायची ही पहिलीच वेळ असेल.

मे महिन्यात मी आगारप्रमुखांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, शांतपणे ऐकलं आणि विचारलं की प्रशस्तिपत्र परत करायचं आहे का, कारण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. मग तपासवाल्यांकडे गेलो. तिथला अधिकारी भला माणूस होता. त्याने वटहुकूम काढून मला कलम सात वाचून दाखवलं. भाषा ओळखीची वाटली. लहानपणी तू मला खेळाचे नियम असेच वाचून दाखवायचीस. तो म्हणाला, मी तुमचं ऐकलं, पण ऐकल्याचं लिहू शकत नाही.

मी आता खरोखर साडेनऊला येतो. दारात उभा राहून बघितलं तर साडेनऊला इथे कोणीच नसतं. फक्त घड्याळजीची बायको असते. ती दर मंगळवारी येते, कारण मंगळवारी तिला त्याला भेटायला मिळतं आणि ती गाडी इथून सुटते. दुसऱ्याच आठवड्यात मी तिला सांगून टाकलं. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "हे ते पहिल्या दिवसापासून सांगताहेत. दहा बारा. त्यांना वाटलं, घड्याळजीचं वेळेबद्दल तरी लोक ऐकतील." मग तिने विचारलं, गाडी कुठल्या फलाटावर लागते. दुसऱ्या, म्हणालो.

ताई, तू लिहिलं होतंस की लोकांना कोणीतरी पकडलेलं हवं असतं. ते खरं आहे. पण ज्याने ती बॅग ठेवली तो आज कुठेतरी जेवतो आहे, आणि त्याला कोणी शोधत नाही, कारण आपला माणूस सापडलेला आहे. मला बसमध्ये बसायची भीती वाटते ती यामुळे.

मला तुझा राग आलेला नाही. आला होता, पण तू समितीत माझ्यावर विश्वास ठेवूनच बोललीस. तो ठेवायला नको होतास एवढंच.

तुझा भाऊ


१८ जुलै

प्रिय सावकाश,

वटहुकमाची मुदत वाढवायची म्हणून परवा समिती पुन्हा बसली. मला फक्त टिपणं काढायची होती. कलम सातला मुदतवाढ, असं अध्यक्ष म्हणाले, आणि मी उभी राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत मी बैठकीत न विचारता उभी राहिलेली नाही. सगळ्यांना वाटलं चहाचं विचारते आहे.

मी आमच्या मजल्याचं मस्टर टेबलावर ठेवलं. कलम मंजूर झालं त्या दिवसाचं पान. त्यात बेचाळीस सह्या आहेत आणि प्रत्येकीपुढे दहा वाजताची वेळ. आमच्या मजल्याचं दार एका माणसाच्या रुंदीचं आहे. मी विचारलं, बेचाळीस माणसं एकाच मिनिटाला त्यातून आत आली का? मग त्याच दिवसाचं इतिवृत्त ठेवलं, ते मीच लिहिलेलं आहे. त्यात म्हटलंय की सदस्य न आल्याने बैठक अकरा वीसला सुरू झाली. दोन्ही सरकारी नोंदी. दोन्ही निर्णायक. म्हणजे माननीय अध्यक्ष त्या दिवशी दहा वाजता आत होते आणि अकरा वीसपर्यंत नव्हते, आणि याविरुद्ध ते स्वतः तोंडाने काही सांगू शकत नाहीत.

कोणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले की हे सहीचं वेगळं आहे. मी म्हटलं, माझीही सही आहे, लाल शाईने खूण केली आहे, मी त्या दिवशी दहा चाळीसला आले होते आणि तीस वर्षं दहाच लिहिते आहे. मग माझ्या भावाचं सगळं सांगितलं, तुझ्या नावाने. तुला विचारलं नाही, रागावू नकोस.

त्या म्हाताऱ्या सदस्याने एवढंच विचारलं, "बाई, अकरा माणसं मेली ती तुम्ही विसरलात का?" मी म्हटलं, नाही, म्हणूनच. पुढे बोलायचं खूप ठरवलं होतं, पण तेवढंच बोलले. खाली बसले.

कलम सात राहिलं. त्यात दोन ओळी वाढल्या. नोंद खरी धरावी, पण जिच्याविरुद्ध ती जाते त्या व्यक्तीला आणि जिने ती लिहिली त्या व्यक्तीला आधी विचारावं. इतकंच. लिहायला चार मिनिटं लागली. मार्चमध्येही चारच लागली असती. माझी बदली जुन्या फायलींच्या तळघरात झाली आहे. तिथे मस्टर नाही.

तुझी चूक चाळीस मिनिटांची. मी तुला जन्मापासून ओळखते आणि तरी समितीसमोर तुझ्या वक्तशीरपणाची हमी दिली. आईने ते कात्रणावरून ओळखलं. तिला काही कायदा येत नाही.

तुला बोलावणं येईल. वेळेवर जा.

तुझी ताई


बसस्थानक
१४ ऑगस्ट

ताई,

वेळेवर गेलो. एक तास आधीच जाऊन बसलो होतो, म्हणून आईला मुद्दाम सांग. सुनावणी वीस मिनिटं चालली. मला विचारलं, मी सांगितलं. घड्याळजीला विचारलं, त्याने सांगितलं. मग कंडक्टरलाही सगळं आठवलं. पाच महिने ज्याला लागले ते वीस मिनिटांत उरकलं.

मला येत्या सोमवारपासून निलंबित केलं आहे. चौकशी होईल आणि व्हायलाच हवी. तिकीटवालीच्या नवऱ्याकडे मी आधीच जाऊन आलो, त्याने दुसऱ्याकडून ऐकू नये म्हणून. त्याने मशीन थांबवलं. मग म्हणाला, "मग इतके दिवस मी चिडलो होतो कोणावर?" मी थांबलो, त्याने पुन्हा मशीन चालू केलं तेव्हा निघालो. तपास नव्याने सुरू झालाय म्हणतात.

आज घड्याळजी आला होता. बायको बाहेर बाकावर बसली. त्याला बॅगेच्या भरपाईचा अर्ज द्यायचा होता. त्याचे हात थरथरतात, ताई. आत काय झालं ते तो सांगत नाही आणि मी विचारलं नाही. दुकान भाड्याने दिलं आहे. अर्ज भरता येईना म्हणून मीच भरायला घेतला. तो मला एकही वाकडा शब्द बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. त्याने मान हलवली, ती माफ केलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही.

शेवटी वेळेचा रकाना आला. मी पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं तो मनगटाकडे बघेल. घड्याळ त्याच्या हातात होतं, चालू होतं, मला माझ्या खुर्चीतून काटा दिसत होता. मी विचारलं, किती वाजले?

तो म्हणाला, "तुम्ही लिहाल ते."

मी अर्ज त्याच्या बाजूला फिरवला आणि त्याला दिसेल असं नऊ बेचाळीस लिहिलं. त्याने वाचलं नाही. जिथे बोट ठेवलं तिथे सही केली.

तुझा भाऊ